दोन्हीकडे कललेली भिंत

साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या एका गावात स्वामित्व योजनेचं, म्हणजे गावठाणातल्या घरांच्या जागा ड्रोननं मोजायचं काम होतं. मी भूमी अभिलेखचा भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. आदल्या दिवशी गल्लोगल्ली फिरून हद्दींवर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. मालकानं हद्द दाखवायची, शेजाऱ्यानं मान डोलवायची. सकाळी वारा सुटायच्या आत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टीमनं ड्रोन उडवून घेतला.

फोटो नीट आलेत का, ते लॅपटॉपवर बघायला घेतलं आणि पारावरचा सगळा गाव मागे येऊन उभा राहिला. तेवढ्यात एक बाबा ओरडले, "हाई भिंत मनी जागामा शे!" म्हणजे, ही भिंत माझ्या जागेत आहे.

शेजारचं स्लॅबचं घर खरंच त्यांच्या मातीच्या धाब्याच्या घरावर कललेलं दिसत होतं. शेजारी बाह्या सरसावून पुढे. गावठाणातली भांडणं मी पुष्कळ पाहिलीत, पण फोटोवरून जुंपलेलं पहिल्यांदाच.

लॅपटॉपवरच्या पोराला म्हटलं, याच घराचा, ड्रोनच्या पुढच्या रांगेतला फोटो उघड. त्यात तीच भिंत उलट्या बाजूला, शेजाऱ्याच्याच अंगणात! सगळे गप्प.

फोटो म्हणजे नकाशा नव्हे. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली असेल तेवढंच सरळ दिसतं; बाकी उंच वस्तूंचे माथे फोटोच्या मध्यापासून बाहेर सरकतात. ड्रोन १२० मीटरवर, घर ९ मीटर उंच आणि मध्यापासून ५० मीटर लांब असेल, तर माथा जवळजवळ ४ मीटर पलीकडे दिसतो. एवढ्यात अख्खी गल्ली मावते! म्हणून तर प्रत्येक जागा अनेक फोटोंत येईल असे ते एकमेकांवर चढवून घेतात. दोन फोटोंतल्या या सरकण्यावरूनच उंची निघते, ती वापरून कल काढला की मापं घेण्याजोगं ऑर्थो चित्र तयार होतं.

तरी पन्हाळीखालची भिंत त्यातही दिसत नाही. धाब्याची माती आणि गल्लीची माती एकाच रंगाची, चुना नसता तर घर कुठं संपतं ते मलाही सांगता आलं नसतं. बाबांची मागची रेघ तर कडुनिंबाखाली झाकलेली. तिथं टेपच धरावा लागला. एक टोक बाबांनी धरलं, दुसरं शेजाऱ्यानं, आणि आकडा मी वाचल्यावर दोघांनीही पुन्हा वाकून स्वतः वाचून घेतला.