तुम्ही विचारलंत म्हणून: जिन्यावरचे ते दोघं

जलरंग शिकायला येणारे एक प्रश्न हमखास विचारतात. पावसातला घाट, ओला रस्ता, नदीकाठचं देऊळ हे जमायला लागलं की त्यांना माणसं रंगवावीशी वाटतात. मग विचारणा होते, "ताई, जलरंगात माणसं रंगवायची तर कोणाचं काम बघू?" त्या प्रश्नाआड आणखी एक शंका असते. हे माध्यम एवढं पेलेल का? दोन माणसं, त्यांच्यातलं दुःख, अंगावरचे कपडे, मागची दगडी भिंत, एवढं सगळं उभं करायचं तर तैलरंगच हवेत ना?

माझं उत्तर कित्येक वर्षं तेच आहे. फ्रेडरिक विल्यम बर्टन बघा. एकोणिसाव्या शतकातला आयरिश चित्रकार. व्यक्तिचित्रं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि माणसांच्या जगण्यातले प्रसंग हे त्याचं खरं वेड. त्याचं 'द मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स' (बुरुजाच्या जिन्यावरची भेट) हे 1864 सालचं चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. 2012 साली आयर्लंडमधल्या लोकांनी देशातलं सर्वांत आवडतं चित्र म्हणून त्यालाच कौल दिला. ते कागदावर, जलरंगात केलेलं आहे.

चित्र साधारण पंचाण्णव सेंटिमीटर उंच आणि साठ सेंटिमीटर रुंद. बुरुजातला अरुंद, वळणाचा दगडी जिना. चिलखत घातलेला एक योद्धा आणि गडद निळ्या पोशाखातली एक तरुणी एकमेकांना ओलांडून चाललेत. त्याने तिचा हात धरून चेहऱ्याशी घट्ट ओढलाय आणि ओठ तिच्या बाहीवर टेकवलेत. ती त्याच्याकडे बघत नाही. मान वळवलेली, अंग भिंतीकडे झुकलेलं. दोघांची नजरानजर होतच नाही. पायरीवर एक कुस्करलेलं फूल पडलंय. बास, एवढंच घडतं. हे चित्र मी शिकवताना दाखवते तेव्हा आधी कथा सांगत नाही, आणि तरीही हा निरोप आहे आणि शेवटचा आहे, हे बघणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

कथा एका जुन्या डॅनिश पोवाड्यातली. तिचा इंग्रजी अनुवाद बर्टनचा मित्र व्हिटली स्टोक्स याने 1855 मध्ये छापला होता. (हा स्टोक्स पुढे हिंदुस्थानात आला आणि 1877 ते 1882 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य, म्हणजे कायद्याचं काम बघणारा सदस्य, होता. घराच्या खरेदीखताच्या वेळी आपले वकील ज्याचं नाव घेतात तो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. केल्टिक, म्हणजे आयरिश वगैरे, भाषांचा हा मोठा पंडित आपल्या कायद्यांच्या इतिहासात असा भेटतो याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.) हेलेलील ही राजघराण्यातली मुलगी. तिच्या रक्षणासाठी नेमलेल्या हिल्डेब्रँडवर तिचा जीव जडतो. बापाला ते खपत नाही आणि तो आपल्या सात मुलांना त्याला मारायला धाडतो. दाराशी भाले-ढाली घेऊन माणसं उभी असताना हिल्डेब्रँड तिच्या डोळ्यांवर ओठ टेकवतो आणि बजावतो, की काही झालं तरी माझं नाव घेऊ नकोस. लढाईत बाप पडतो, सहा भाऊ पडतात. उरलेल्या धाकट्याला वाचवण्यासाठी ती हिल्डेब्रँडला नावाने हाक मारते आणि त्याला प्राणघातक जखमा होतात.

या कथेत चित्रकाराला रंगवायला काय कमी होतं? तलवारी, रक्त, सात भाऊ, ती जीवघेणी हाक. बर्टनने यातलं काहीच घेतलं नाही. पोवाड्यातला तो डोळ्यांवरचा चुंबनाचा क्षणसुद्धा त्याने आहे तसा ठेवला नाही. डोळ्यांवरचे ओठ बाहीवर आणले आणि दोघांचे डोळे एकमेकांपासून दूर नेले. तरुणपणापासून चेहरे रंगवत आलेल्या माणसाने आपल्या सर्वांत उत्कट चित्रात चेहऱ्यांवरची भिस्त काढून घेतली. ज्यांना माणसं रंगवायची आहेत त्यांना मी बर्टन बघायला सांगते ते यासाठी. आपण सगळे भाव चेहऱ्यात कोंबायला जातो. भुवया, डोळ्यांतलं पाणी, ओठांची मुरड. त्याने ते सगळं एका हाताच्या पकडीत ठेवलं.

हे त्याला पहिल्यापासून साधलेलं नव्हतं. 1841 सालचं त्याचं 'द अ‍ॅरन फिशरमन्स ड्राउन्ड चाइल्ड' शेजारी ठेवून पाहिलं की प्रवास कळतो. तेव्हा तो पंचविशीत होता. जॉर्ज पेट्री या चित्रकार-संशोधकाबरोबर त्याने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर भटकंती केली होती, तिथल्या कोळ्यांची घरं, कपडे, चेहरे रेखाटले होते. चित्रात कोळ्याच्या घरात बुडून मेलेलं मूल आहे, शोकाने खचलेले आईबाप आहेत, मृताभोवती गाऊन आक्रोश करण्याच्या तिथल्या रीतीप्रमाणे रडणाऱ्या बायका आहेत, दाटलेली माणसं आहेत. दुःख खच्चून भरलंय. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. त्या काळी आयरिश गरीब माणूस चित्रात यायचा तो बहुतेक वेळा दारू पिऊन नाचणारा, हसण्यावारी नेण्याजोगा. बर्टनने त्याच्या घरातला मृत्यू ग्रीक शोकांतिकेच्या गांभीर्याने रंगवला, तोही आयर्लंडमधला 1845 चा मोठा दुष्काळ यायच्या चार वर्षं आधी. रॉयल आयरिश आर्ट युनियन या कलासंस्थेने त्याचं कोरीवमुद्रण, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली प्रत, काढून सभासदांपर्यंत पोहोचवलं. पण चित्रकार म्हणून बघितलं तर इथे प्रत्येक जण आपलं दुःख आपल्याला सांगतोय. तेवीस वर्षांनंतरच्या जिन्यावर कोणीच काही सांगत नाही.

मधल्या काळात काय झालं? 1851 मध्ये तो जर्मनीत, बव्हेरियातल्या म्युनिकला गेला आणि सातेक वर्षं तिथेच राहिला. बव्हेरियाच्या राजासाठी काम केलं, जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला केल्या, मध्ययुगीन चित्रं आणि वस्तू जवळून पाहिल्या. 1858 पासून लंडनमध्ये. जिन्यावरच्या चित्रातला संयम त्या वर्षांत मुरला असावा, असं मला वाटतं.

आता हाताच्या कामाबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बर्टनचा जन्म 1816 चा. लहानपणी उजवा हात दुखावून निकामी झाला आणि त्याने आयुष्यभराचं काम डाव्या हाताने केलं. डब्लिनमध्ये शिक्षण झालं आणि सुरुवात झाली ती लघुचित्रांपासून, म्हणजे तळहातावर मावतील एवढ्या व्यक्तिचित्रांपासून. तेवीस वर्षांचा व्हायच्या सुमारास तो रॉयल हायबर्नियन अकादमी या आयर्लंडमधल्या कलावंतांच्या संस्थेचा सभासद झाला होता. लघुचित्रकाराची ती सवय त्याने कधी सोडली नाही. आपण जलरंग म्हणजे भरपूर पाणी, मोठा ब्रश, एका दमात ओढलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, असं शिकतो. बर्टनचं काम नेमकं उलट्या बाजूचं. बारीक ब्रशने, थरावर थर, लहान लहान फटकारे, आणि जिथे अंगाला वजन हवं तिथे पारदर्शक रंगात अपारदर्शक रंग मिसळलेला. त्या निळ्या पोशाखाची खोली अशी आलीय. चिलखताच्या कड्या, दगडाचा खरखरीतपणा, कापडाची चुणी, प्रत्येकाचा पोत वेगळा आहे आणि ब्रशची खूण शोधावी लागते. माध्यम पेलेल का, या शंकेचं उत्तर इथे आहे. पेलतं, पण त्यासाठी बैठक लागते.

लेखिका जॉर्ज एलियट त्याची मैत्रीण होती. हे चित्र पाहून तिने म्हटलं होतं, की हा विषय अगदी सवंग होऊ शकला असता, पण चित्रकाराने त्याला भावनेच्या फार तरल उंचीवर नेलंय. बर्टनने खडूत केलेलं तिचं 1865 चं व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. तेही बघा. त्यात चेहरा आहे आणि पूर्ण आहे, शांत आणि जड. चेहरा टाळणारा माणूस चेहरा किती जाणत होता हे त्यावरून कळतं.

1874 मध्ये तो लंडनच्या नॅशनल गॅलरीचा संचालक झाला आणि त्याचं स्वतःचं चित्र काढणं थांबलं. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांची चित्रं निवडली. लिओनार्दोचं 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स', बोतिचेल्लीचं 'व्हीनस अँड मार्स', होल्बाइनचं 'अँबॅसडर्स' ही त्याच्या काळातली खरेदी. गॅलरीचं भलं झालं यात शंका नाही, पण मला त्या न काढलेल्या चित्रांची हळहळ वाटते. 1900 च्या मार्चमध्ये तो गेला. त्याच वर्षी पोवाड्याचा अनुवाद करणाऱ्या व्हिटली स्टोक्सची बहीण मार्गारेट स्टोक्स वारली. जिन्यावरचं चित्र तिच्याकडे होतं, आणि तिच्या मृत्युपत्रामुळे ते डब्लिनच्या गॅलरीला मिळालं.

जलरंग उजेडाने उडतो, म्हणून हे चित्र कपाटाच्या दारांमागे ठेवतात आणि आठवड्यातले मोजके तासच उघडतात. डब्लिनला जाणार असाल तर गॅलरीच्या संकेतस्थळावर वेळ बघूनच जा. जाणं होणार नसेल तर तिथेच चित्राची मोठी प्रत बघायला मिळते. नक्कल करायची असेल तर सगळं चित्र घेऊ नका. फक्त ती निळी बाही आणि तिच्यावर टेकलेला चेहरा, एवढा तुकडा घ्या. चांगला जाड कागद, शून्य नंबरचा ब्रश, आणि पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.