मुंबईचा प्लेग आणि माझी कॉम्प्रिहेन्सिव्ह

एमएस्सी गणितात केली, नेट-जेआरएफ निघाली आणि पीएचडीला गणितीय जीवशास्त्र घेतलं. कोर्सवर्कमध्ये जीवशास्त्र मुळापासून शिकावं लागलं, पण कस लागला तो कॉम्प्रिहेन्सिव्हच्या, म्हणजे पीएचडीतल्या पात्रता परीक्षेच्या तयारीत.

गाइड मॅडमनी केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७चा पेपर वाचायला दिला. साथीच्या रोगांचं एसआयआर मॉडेल (लागण होण्याजोगे, लागण झालेले आणि आजारातून बाहेर पडलेले असे तीन गट) म्हणून जे सगळीकडे शिकवतात, त्याचं मूळ या पेपरात आहे. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले. पेपरात आकडे आहेत ते मुंबई बेटाचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, प्लेगने दर आठवड्याला गेलेली माणसं. तो आलेख लॅपटॉपवर काढला तेव्हा ठिपके वक्रावर इतके नेमके बसले की मी बराच वेळ बघत राहिले. सूत्राप्रमाणे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर येतं. आठवड्याला ८९० मृत्यू.

मॅडम म्हणाल्या, "वक्र ठरतो तीन आकड्यांवर: शिखराची उंची, शिखराची वेळ आणि वक्राची रुंदी. तुझ्या मॉडेलात मात्र सुरुवातीची लोकसंख्या, सुरुवातीचे रुग्ण, संसर्गाचा दर, आजारातून बाहेर पडण्याचा दर, असे चार. तिनांतून चार कसे काढशील?"

नाही निघत. चारांच्या कितीतरी वेगवेगळ्या जोड्या तोच वक्र देतात. मग पेपर पुन्हा बारकाईने वाचला. माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, सगळ्या उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, अशी गृहीतकं लेखकांनीच मांडली आहेत आणि ती तंतोतंत खरी नाहीत हेही लगेच सांगितलं आहे. एवढा प्रामाणिक परिच्छेद मी आजवरच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता.

परीक्षेत समितीतल्या इकॉलॉजीच्या सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "साथ ओसरली ती लागण होण्याजोगे उंदीर उरले नाहीत म्हणून, की उन्हाळा तापला आणि प्लेग पसरवणाऱ्या पिसवा कमी झाल्या म्हणून?" मी फळ्यावर दोन्ही मॉडेलं मांडली आणि सांगितलं, की एका मोसमाच्या मृत्यूंवरून हे ठरवता येत नाही. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं ठरावीक मोसमात परतायचा, म्हणून अनेक वर्षांचे आकडे हवेत, शिवाय उंदरांची आणि पिसवांची मोजणीही हवी. त्यावर पुढचा सगळा वेळ चर्चाच झाली आणि मी पास झाले.

आता थीसिस लेप्टोस्पायरोसिसवर आहे. तिथेही उंदीर आहेत, पाऊस आहे आणि हाती रुग्णांचेच आकडे. त्यामुळे सध्या कोणती मोजणी मिळाली तर कोणता दर काढता येईल, हेच आधी कागदावर तपासते आहे.