स्प्ले ट्री: अखेर झिग-झिगचा हिशेब जुळला

या खेपेला कोड थोडा आणि कागद जास्त झाला. स्प्ले ट्री म्हणजे शोधलेला नोड दर वेळी रूटवर (सगळ्यात वर) आणणारी बायनरी सर्च ट्री, जिच्यात प्रत्येक नोडच्या डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठ्या की असतात. बॉटम-अप (सापडलेल्या नोडपासून वर जाणाऱ्या) स्प्लेमध्ये शोध, इन्सर्ट, डिलीट तिन्ही चालतात, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. माझा सगळा वेळ एकाच प्रश्नाने घेतला: शोधलेला नोड रूटवरच आणायचा आहे, तर एकेक रोटेशन (की चा क्रम न मोडता नोड आणि पॅरेंट यांची वर-खाली अदलाबदल) करत सरळ वर का आणू नये?

ॲलन आणि मन्रो यांनी १९७८ मध्ये अभ्यासलेली रीत हीच. स्लीटर आणि टार्जन यांच्या १९८५ च्या स्प्ले ट्रीतला फरक दिसायला अगदी किरकोळ आहे. नोड आणि पॅरेंट एकाच बाजूला उतरत असतील (झिग-झिग), तर आधी पॅरेंट-ग्रँडपॅरेंटमधलं रोटेशन, मग नोड-पॅरेंटमधलं. वाट वळत असेल (झिग-झॅग), तर दोन्ही रीती सारख्याच.

७ पासून १ पर्यंत डावीकडे उतरणारी साखळी काढा आणि १ शोधा. साध्या रीतीत १ वर येतो, पण ७ ते २ ही साखळी तशीच त्याच्याखाली राहते. २ वर पोचायला अजून ६ पायऱ्या. स्प्ले केलं की १ च्या उजवीकडे ६, त्याखाली ४ आणि ७, ४ खाली २ आणि ५, २ च्या उजवीकडे ३. सगळ्यात खोल आहे ३, तोही ४ पायऱ्यांवर. कागदावर करून पाहाच, वाचून ते हातात बसत नाही.

अशाच साखळीत १००० नोड घेऊन १ पासून क्रमाने सगळे शोधले, तर साध्या रीतीला ५,००,४९९ रोटेशन लागतात. फेरी संपली की पुन्हा तीच साखळी उभी, म्हणजे पुढच्या फेरीतही तेवढाच खर्च. स्प्लेसाठी अशी क्रमवार फेरी रेषीय वेळात होते, हे टार्जन यांनी सिद्ध केलं आहे.

आता कारण. प्रत्येक नोडच्या सबट्रीच्या (तो आणि त्याच्याखालचे सगळे नोड) आकाराचा लॉग घ्यायचा (बेस २), सगळ्यांची बेरीज म्हणजे पोटेन्शियल, ट्रीत साठलेली हिशेबी शिल्लक. झिग-झिगनंतर ग्रँडपॅरेंट तळाशी जातो आणि त्याची नवी सबट्री नोडच्या जुन्या सबट्रीपासून पूर्ण वेगळी असते. दोन्ही आकारांची बेरीज नोडच्या नव्या आकारापेक्षा कमीच भरते. म्हणून त्या दोघांच्या लॉगची बेरीज नव्या आकाराच्या लॉगच्या दुपटीपेक्षा किमान २ ने कमी. हे २ म्हणजेच दोन रोटेशनचा खर्च! साध्या रीतीत नोड आणि पॅरेंट यांच्यामधली सबट्री दोन्हीकडे मोजली जाते, ते २ हाती लागत नाहीत आणि प्रत्येक रोटेशनमागे १ साचत जातो. क्रम बदलला एवढंच, पण सगळा सिद्धांत त्यावर उभा आहे. मला तरी यात याहून सुंदर जागा सापडलेली नाही.

यातूनच ॲक्सेस लेमा: अमॉर्टाइज्ड (पोटेन्शियलमधला बदल धरून येणारा) खर्च जास्तीत जास्त रूट आणि नोड यांच्या लॉगमधल्या फरकाची तिप्पट, अधिक १. शिवाय आकाराच्या जागी कोणतीही धन वजनं चालतात. वजनं फक्त आपल्या हिशेबात असतात, ट्रीला त्यांचा पत्ताही नसतो. सगळी समान घेतली की लॉग एन (एन म्हणजे नोडची संख्या) मिळतो. शोधांच्या वारंवारितेइतकी घेतली की स्टॅटिक ऑप्टिमॅलिटी: प्रत्येक की निदान एकदा शोधली जात असेल, तर वारंवारिता आधीच माहीत असताना बांधलेल्या सर्वोत्तम स्थिर ट्रीच्या स्थिर पटीत खर्च. अशी सर्वोत्तम स्थिर ट्री बांधणाऱ्या क्नुथ यांच्या १९७१ च्या पद्धतीला वारंवारितेचा तक्ता आधी हातात लागतो.

डायनॅमिक ऑप्टिमॅलिटीचा अंदाज मात्र १९८५ पासून अनिर्णितच आहे. शोधांचा क्रम आधी ठाऊक असलेल्या कुठल्याही बायनरी सर्च ट्रीच्या स्थिर पटीत स्प्ले राहतो का? टँगो ट्री (स्वतःला बदलत राहणाऱ्या बायनरी सर्च ट्रीचा दुसरा प्रकार) लॉग लॉग एन पटीपर्यंत पोचतात. स्प्लेसाठी तेवढंही सिद्ध नाही. पुढच्या टप्प्यात शोध बिंदूंच्या रूपात मांडणारा भौमितिक दृष्टिकोन घेतोय. आधी त्यातली ग्रीडी नावाची पद्धत लिहून काढेन, मग स्प्ले आणि ग्रीडी एकाच शोधक्रमावर किती नोडना हात लावतात ते शेजारी शेजारी मोजेन.