खिशातला चाकू
खिशात रुमाल नसला तरी चालतो, घडीचा चाकू पाहिजेच. सध्या ओपिनेल आहे: बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ आणि पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी. ती फिरवली की पातं बोटावर मिटत नाही. फ्रान्समध्ये हे चाकू १८९० पासून बनतात, कडी आली १९५५ ला.

आज कपिलतीर्थ मंडईत या चाकूनं पेरू कापला, तर मावशी म्हणाल्या, "सुरी घिऊन फिरतोस व्हय रं?" मग स्वतःच धार बघत बसल्या!

पातं कार्बन स्टीलचं, फळांच्या आंबटानं निळसर-करडं पडलंय. घरी सगळ्यांना तो गंज वाटतो. मला लै आवडतो तो रंग. पुसून तेलाचं बोट फिरवलं की झालं. स्टेनलेसवाले आहेत डब्यात, पण नुसते चकचकीत.

कुणाच्या आजोबांचा जुना चाकू पडून असेल तर कळवा. बदल्यात गुळाची ढेप!