भांगाच्या दिवसांत डहाणूसमोर: वडोदऱ्याहून गरवायला जाणाऱ्यांची हंगामी नोंद

वारा पूर्ण पडलेल्या दिवशी नांगर टाकायचा नाही, होडी पाण्याबरोबर सोडायची. या हंगामात गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडला, म्हणून नोंद तिथूनच सुरू. (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटीचा फरक आणि पाण्याची ओढ कमी असण्याचे दिवस; उधाण त्याच्या उलट.)

नांगरलेली होडी जागेवर थांबते, खालचं पाणी मात्र चालूच असतं. ते दोरीला पोटासारखा बाक देतं, तिच्या टोकाचं वजन म्हणजे शिसं उचलतं आणि आमिष तळापासून मीटर-दोन मीटर वर तरंगत राहतं. वरून सगळं ठीक वाटतं. मासा तळाशी असतो आणि त्याला काही दिसतच नाही. होडी सोडली की ती आणि पाणी एकाच वेगाने चालतात, दोरी सरळ खाली उभी राहते. १४ मीटर पाण्यात नांगरावर मधल्या ओहोटीला १८० ग्रॅमचं शिसं टिकत नव्हतं, तिथेच सोडलेल्या होडीतून ६० ग्रॅम व्यवस्थित बसलं. हलक्या शिशामुळे रॉड हलका लागतो आणि मुडदुशीसारख्या छोट्या माशाची बारीक टोचणीही हाताला कळते. फक्त हे गणित वारा नसेल तोवरच. दुपारी खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, वारा सुटला की तो होडीला पाण्यापेक्षा वेगळीकडे ढकलतो, दोरी तिरपी होते आणि शिसं वाढवावं लागतं.

वडोदऱ्याहून समुद्र म्हटलं की पहिलं नाव कावी-कंबोईचं निघतं. स्तंभेश्वराचं मंदिर भरतीत पाण्याखाली जाताना शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे. ते दृश्य पाहिलं की खंभातच्या आखातात छोटी होडी का घालायची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. आखात आत निमुळतं होत जातं, म्हणून भरतीचं पाणी चढत जातं. भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरच्या वर फरक पडतो, मुंबईला तोच साडेचार-पाच मीटर. डहाणू या दोन्हींच्या मध्ये, पण मुंबईच्या जवळचं. चिखलाचे पट्टे कमी, तळ कुठे वाळूचा तर कुठे खडकाळ. अडीचशे किलोमीटरांहून जास्त प्रवास पडतो, पण दिवस हातात राहतो.

दिवस ठरवायचा तो पंचांगावरून. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब अंदाजासाठी उत्तम आहे: षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. हा कोकणचा हिशोब. उत्तरेकडे जावं तशी भरती उशिरा होते, त्यामुळे नक्की वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्यावी. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. भांग अष्टमीच्याच दिवशी नसतो, पाण्याची ओढ त्यानंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात कमी होते.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. वेळा सोयीच्या: उजाडताना निघालं तेव्हा खाडीत भरपूर पाणी होतं, अकराच्या सुमारास ओहोटी संपली, एकनंतर चढत्या पाण्यावर परत. पण ओढ अजून जोरात. मोबाइलच्या जीपीएसवर होडी ताशी तीन किलोमीटरने वाहत होती, म्हणजे चांगल्या खडकावरून दोन-तीन मिनिटांत पार. आमिष खाली पोचेपर्यंत जागा मागे. ओहोटी संपतानाचा अर्धा तास तेवढा कामाचा: सहा ढोमे, दोन मुडदुश्या.

मार्गशीर्ष वद्य अष्टमी. वेग ताशी दोनच्या आत. त्याच खडकावरून सात फेऱ्या मारल्या. पद्धत अशी: खडकाच्या प्रवाहाकडच्या बाजूला ऐंशी-शंभर मीटर वर जायचं, इंजिन बंद, दोऱ्या सोडायच्या, खडक ओलांडून पन्नास मीटर गेलं की दोऱ्या वर, मग लांबून वळसा घेऊन पुन्हा वरच्या बाजूला. इंजिन खडकावरून न्यायचं नाही. सपाट पाण्यात आवाज फार खोल जातो, झाकण आपटल्याचाही. म्हणून बर्फाच्या पेटीखाली जुनं गोणपाट घातलं आहे.

पौष शुद्ध नवमी. पाणी सगळ्यात मंद आणि सगळ्यात नितळ. इथे एक नवी अडचण कळली. उधाणात पाणी गढूळ असतं, मासा वासावर येतो, दोरी कितीही जाड असली तरी चालते. भांगाला गाळ खाली बसतो आणि मासा बघून घेतो. ०.६० मिलिमीटरच्या लीडरवर (मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला दोरीचा तुकडा) पहिल्या दीड तासात काही लागलं नाही, ०.४० वर उतरल्यावर ढोमे सुरू झाले आणि एक रावसही लागला. मधल्या काळात पाणीही फिरलं होतं, म्हणून सगळं श्रेय लीडरला देता येत नाही. नवमीचा तोटा एकच: ओहोटी एकच्या पुढे संपते, खाडीत शिरायला तीन वाजतात, आणि तोवर वारा उठलेला असतो.

आता मांडणी. मुख्य दोरी ब्रेडेड (विणलेली), २० पौंडांची. तिला दुहेरी युनी गाठीने सव्वा मीटर लीडर, त्यावर ४० सेंटिमीटर अंतराने दोन फाटे, म्हणजे गळ बांधलेल्या आखूड दोऱ्या, प्रत्येक फाटा फक्त १५ सेंटिमीटर. फाटा लांब ठेवला की तो लीडरभोवती गुंडाळला जातो. शांत पाण्यात हे जास्त होतं, कारण त्याला बाजूला धरून ठेवणारी ओढच नसते. गळ १/० मापाचे सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेले गोल गळ. यावर झटका मारायचा नाही. मासा ओढायला लागला की रील सावकाश फिरवायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटक्याची सवय असलेल्यांचे निम्मे मासे इथेच सुटतात. शिसं ०.२५ च्या कच्च्या दोरीने बांधायचं. खडकात अडकलं तर तेवढंच तुटतं, बाकी सगळं वर येतं. गाठी थुंकी लावून आवळाव्यात आणि घरीच स्प्रिंगच्या ताणकाट्यावर ओढून बघाव्यात. कोरडी आवळलेली गाठ घासून तापते. नखाने चाचपली तर तिथे दोरी किंचित खरबरीत लागते. ती गाठ कापून टाकायची.

तळ हातानेच वाचायचा. होडी वाहत असताना शिसं दर काही सेकंदांनी हातभर उचलून सोडावं. खडकावर स्पष्ट टक् लागतं. वाळूवर बोथट. चिखलात शिसं रुततं आणि उचलताना एक हलकी चोखल्यासारखी ओढ लागून सुटतं. चिखलातून टक् सुरू होतं तिथे मोबाइलवर खूण करावी. आमचे बहुतेक मासे त्या सीमेवर लागले, खडकाच्या मधोमध नाही.

आमिषाचा प्रश्न भांगाला हमखास येतो. या पट्ट्यातला बोंबील आणि जवळा डोल जाळ्यांत (खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी) येतो, आणि डोल चालते ती पाण्याच्या ओढीवर. ओढ कमी म्हणजे डोलीला मासा कमी, म्हणजे बंदरावर ताजं आमिषही कमी. त्यामुळे उधाणात मिळालेलं माकूल (स्क्विड) घेऊन ठेवायचं: बोटभर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या, एक किलोला साधारण २५० ग्रॅम जाडं मीठ, रात्रभर चाळणीत निथळू द्यायचं, मग फ्रीजरमध्ये. मिठाने पट्टी चिवट होते आणि छोटे मासे ती ओरबाडून नेऊ शकत नाहीत. गळात पट्टीच्या एका टोकालाच टोचा. दोनदा टोचली की ती पंख्यासारखी फिरते आणि फाटा पिळवटतो. कोलंबी न्यायची तर डब्यात, बर्फाच्या वर. बर्फाच्या पाण्यात बुडाली की तासाभरात गळावर टिकत नाही.

त्याच डोलींच्या खुंटांपासून आणि बोयांपासून लांब राहायचं. वाहत्या होडीला ब्रेक नसतो. जाळं दोनशे मीटरवर दिसलं की दोऱ्या वर आणि इंजिन चालू. आणि बोयाला होडी बांधणं तर कधीच नाही, ते कुणाचं तरी पोट आहे.

शिंगाळा हमखास लागतो. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन करवती काटे, तिन्ही विषारी. पायाने दाबायला जाऊ नका, काटा रबरी चपलेतून आरपार जातो. लांब पक्कड आणि ओलं फडकं. गळ खोल असेल तर फाटा कापून द्यावा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा ते दीड तास धरायची, त्याने कळ बरीच उतरते. त्यासाठी होडीत गरम पाण्याचा थर्मास चहाच्या थर्मासहून वेगळा ठेवलेला असतो. काटा आत तुटला असेल तर सरळ डॉक्टर.

ढोमा फार लवकर मऊ पडतो. वर येताच कल्ला कापून रक्त काढायचं, पाच मिनिटांनी दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा खिमटात टाकायचा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा खालून थंड आणि वरून कोमट राहतो. वडोदऱ्यापर्यंत यायचं तर निघताना खारं पाणी काढून टाकून माशाच्या वजनाइतका बर्फ भरावा. घरून लिटरच्या बाटल्या गोठवून नेल्या तर पेटी आधीच गार असते आणि बाटल्यांचं पाणी प्यायलाही होतं. (२०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला आणि गुजरातने घोळीला राज्यमासा केलं. पापलेट गळाला बहुधा लागत नाही; घोळ लागू शकते, आमच्या नोंदीत अजून नाही.)

हवामान बघताना नुसता वारा बघू नका. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात लांबून येणाऱ्या लाटांची उंची वेगळी दिलेली असते. बाहेर समुद्र तेलासारखा सपाट असताना खाडीच्या तोंडावर उतरतं पाणी आणि येणारी लाट समोरासमोर भिडतात आणि तिथेच लाट उभी राहते. १८ फुटी होडी तिथे आडवी होऊ द्यायची नाही. तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) थांबा म्हणाला तर पाणी फिरेपर्यंत थांबायचं. पेट्रोलचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक न वापरता परत आणायला. एकाच जागी सात-आठ फेऱ्या मारल्या की जायचा भाग नकळत संपतो, म्हणून टाकीवर खडूने रेघा मारल्या आहेत.

पुढच्या खेपेला माघ शुद्ध अष्टमी धरली आहे. लीडर सुरुवातीपासून ०.४० ठेवायचा, एका रॉडवर ०.६० तुलनेला, दोन्हींना एकच आमिष आणि दर फेरीला होडीच्या बाजू बदलायच्या. दुपारच्या वाऱ्यासाठी होडीचं वाहणं धीमं करणारी कॅनव्हासची पाण्यातली छत्री शिवून झाली आहे, तोंड ९० सेंटिमीटर, शेपटाला १० सेंटिमीटरचं भोक. ती नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला) बांधायची की मध्यावर, हे पाण्यात उतरवूनच ठरेल.