पेंचचा मुक्काम आणि दिव्याखालचा किडा

नागपूरहून जबलपूर रोडनं मनसर, पुढे पवनीला वळून सिल्लारी गेट. सफारी छान झाली. लिहायचंय ते खोलीबद्दल: मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि दारातल्या दिव्याखाली पेरभर लांबीचा काळा किडा. शेजारच्या पाहुण्यांनी मोबाईलवर फोटो ताडून पाहिला, ‘किसिंग बग! शागास होतो!’ म्हणत रातोरात नागपूर गाठलं. किसिंग बग म्हणजे रक्त पिणारा किडा, आणि शागास हा त्याच्यामार्फत पसरणारा परजीवीचा आजार. फार वाईट वाटलं, कारण सोंड पाहिली असती तर मुक्काम मोडावा लागला नसता.

टॉर्च बाजूनं धरायचा. जाड सोंड कमानीसारखी वाकून डोक्याखाली फट दिसली, तर तो दुसरे किडे खाणारा शिकारी. रक्त पिणाऱ्याची सोंड बारीक, सरळ, डोक्याखाली दुमडलेली असते. दिव्याखालचा शिकारीच होता. हातात धरला तर त्याचा डंख झणझणतो. रक्तपिपासूचा मात्र बहुधा कळतही नाही, म्हणून झोप मोडत नाही.

या रक्तपिपासूंच्या दीडशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक अमेरिका खंडांत. शागासचा परजीवी तिकडचाच. तो किड्याच्या विष्ठेतून, खाजवलेल्या जखमेत किंवा डोळ्यात शिरतो. आपल्याकडची ट्रायटोमा रुब्रोफॅसिआटा दोन-अडीच सेंटिमीटरची, गडद तपकिरी, पोटाच्या कडेला नारिंगी-लाल पट्टा. काळ्या उंदरांच्या मागोमाग जहाजांतून ती जगभरच्या उष्ण बंदरांत पोचली. लिंशकोस्टियस हा गट फक्त भारतात सापडतो, दगडांच्या कपारीत. इथे या किड्यांमुळे शागास पसरत नाही. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा (शागासचा परजीवी याच गटातला) सापडला होता, पण तो जनावरांच्या सर्रा रोगाचा. सर्रा पसरवतात त्या मोठ्या चावऱ्या माश्या.

भीती असलीच तर ॲलर्जीची. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर थेट दवाखाना. एरवी साबणानं धुवायचं, खाजवायचं नाही.

खोलीवाल्यावर राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. उशामागच्या भिंतीला लागून सरपण रचलेलं, पायथ्याशी उंदराचं बीळ, पलीकडे कोंबड्यांचं खुराडं. असल्या किड्याला याहून सोयीची जागा नाही. पिल्लं पाच वेळा कात टाकतात, प्रत्येक टप्प्यावर रक्त लागतं, आणि दिवसभर ती भेगांतच असतात. म्हणून नुसता फवारा मारून भागत नाही. आधी बीळ बुजवा, भेगा लिंपा, सरपण आणि खुराडं भिंतीपासून लांब न्या. पाहुण्यानं बाज भिंतीपासून हातभर ओढावी, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. किडा सापडलाच तर उघड्या हातानं चिरडू नये, बाटलीत धरावा.