भाचीचा पहिला ॲम्प: नोंदवही, जून ते ऑगस्ट

गिटारचं आधीच ठरलं होतं: यामाहा पॅसिफिका ०१२, इलेक्ट्रिक. प्रश्न होता तिचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा). तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपपैकी पुलाजवळ (तारा जिथे अडकतात ते खालचं टोक) जाड आवाजाचा हंबकर, मधे आणि मानेकडे धारदार आवाजाचे सिंगल कॉइल, म्हणजे शिकणाऱ्याला दोन्ही तऱ्हेचे आवाज एकाच गिटारवर ऐकायला मिळतात. भाची अकरा वर्षांची. डोंबिवलीत वन बीएचके, भिंतीपलीकडे आजी-आजोबांचं बिऱ्हाड. ताईने बजेट सांगितलं बारा हजार, त्यातच केबल. भाव सारखे हलतात म्हणून इथे एकेका ॲम्पची किंमत लिहीत नाही, पण खालचा सगळा विचार याच चौकटीत केलेला आहे.

जून

पहिला प्रश्न ताईचाच होता, आणि तो सगळेच पालक विचारतात: घरात होम थिएटर आहे, ब्लूटूथ स्पीकर आहे, मग वेगळा ॲम्प कशाला? इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो आणि त्याला समोर साधारण १ मेगाओहमची (दहा लाख ओहमची) इनपुट लागते. घरच्या ऑडिओ सिस्टिमची इनपुट साधारण दहा ते पन्नास हजार ओहमचीच असते. तिथे गिटार लावली की आवाज येतो, पण दबलेला. तारेची धार आधी जाते. ब्लूटूथचं दुखणं वेगळंच. तार छेडल्यावर आवाज इतका उशिरा येतो की नवशिक्या पोराचा ठेका पार बिघडतो. शिकण्याच्या वयात असं काही हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी सूचना भाऊजींकडून आली. त्यांचे बंधू न्यू जर्सीहून दिवाळीला येणार आहेत, ते आणतील. इथे मात्र सावध राहायला हवं. बॅटरी-अडॅप्टरवर चालणारा छोटा ॲम्प असेल आणि अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल तर खुशाल आणावा. पण ज्याची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते आणि ज्याच्या पाठीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलंय, तो आपल्या २३० व्होल्टवर लावला तर गेलाच म्हणून समजा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो वजनाने ॲम्पच्या बरोबरीचा निघू शकतो आणि पोरीने कधी तो वगळून थेट प्लग लावला तर? नको.

वॅटबद्दल थोडं सविस्तर

दुकानात, ओळखीत, सगळीकडे पहिला आकडा वॅटचाच. ‘दहाचा काय घेतोस, वीसचा घे, पुढे उपयोगी पडेल.’ वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. दहा आणि वीस वॅटमधला फरक फ्लॅटमध्ये कुणाला कळणारही नाही, कारण दोन्ही ॲम्प चतुर्थांशावरच वाजणार आहेत.

स्पीकरचा आकार मात्र ऐकू येतो. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते. तीन इंची स्पीकरला तो खर्ज पेलवत नाही. तारेचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) तेवढे ऐकू येतात आणि सूर पोकळ वाटतो. सहा इंचापासून पुढे जाड तार जाड वाटायला लागते. म्हणून ब्लॅकस्टार फ्लाय ३ (३ वॅट, ३ इंच) मला स्वतःला प्रवासासाठी फार आवडतो, पण पहिला आणि एकमेव ॲम्प म्हणून तो मी यादीत धरला नाही.

जुलै: धोबी तलाव

शनिवारी सकाळीच सीएसएमटीला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने, वाद्यांच्या दुकानांकडे चालत गेलो. दुपारनंतर दुकानांत गर्दी होते आणि मग लहान मुलं वाजवायला लाजतात. गिटार घरचीच नेली. दुकानातल्या महागड्या गिटारवर ॲम्प ऐकला तर कौतुक नेमकं कुणाचं करायचं?

परीक्षा एकच ठेवली. क्लीन (साफ, न फाटलेला) आवाज, सगळे नॉब मधोमध, व्हॉल्यूम घरी संध्याकाळी चालेल एवढाच. आधी मोकळी जाड तार, मग ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), मग पातळ तारेवर एकेक सूर. दुकानदार बहुधा गेन (आवाज फाटवणारा नॉब) चढवून दाखवतात. त्यात चांगला-वाईट ॲम्प सारखाच भासतो. क्लीन आवाजात लपायला जागा नसते. आणि सगळे नॉब भाचीनेच फिरवायचे, मी हात लावायचा नाही.

ऑरेंज क्रश १२ (१२ वॅट, ६ इंच) ऐकताक्षणी मला आवडला. बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही वेगळे, ओव्हरड्राइव्ह (रॉकमधला फाटका आवाज) दाट. स्वतःसाठी घ्यायचा असता तर तोच घेतला असता. पण त्याला ऑक्स इनपुट (फोन वायरने जोडायची जागा) नाही, आणि भाचीचे सर गाण्याचे तुकडे फोनवर पाठवतात. त्यांच्यासोबतच ती वाजवते. व्हॉक्स पाथफाइंडर १० देखणा आणि सुरेल, पण अडचण तीच. बॉस कटाना मिनी (७ वॅट, ४ इंच, सहा पेन्सिल सेल) त्याच्या आकाराच्या मानाने अचाट आहे, आत डिले (प्रतिध्वनीसारखा परिणाम) सुद्धा आहे. पण अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि सेल संपले म्हणून रियाज बुडाला असं व्हायला नको होतं. मार्शल एमजी१० आणि फेंडर फ्रंटमन १०जी शेवटपर्यंत राहिले. दोन्ही १० वॅट, दोन्हींना फोन जोडायची सोय आणि हेडफोनचं भोक.

फ्रंटमन घेतला. भाचीने त्यावर ई मायनर वाजवला, ट्रेबल थोडा उतरवला आणि मला न विचारता पुन्हा वाजवला. माझ्यासाठी निर्णय तिथे झाला.

घरी: घरघर

पहिल्या संध्याकाळी ताईचा फोन, ‘बिघडलेला दिलाय, सतत घरघरतोय.’ गेलो. तारांवर तळहात ठेवला की घरघर कमी होत होती, म्हणजे ॲम्प ठीक होता. मग एकेक करून पाहिलं. पंख्याचा रेग्युलेटर तीनवरून पूर्ण पाचवर नेला, आवाज निम्मा झाला. ॲम्प वायफायच्या डब्यापासून दूर सरकवला. भाचीला खुर्चीसकट नव्वद अंशात वळवलं. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूची ५० हर्ट्झची गुणगुण उचलतो आणि दिशा बदलली की ती घटते. पिकअपचा स्विच पुलाकडे, हंबकरवर नेला, जवळपास शांतता.

प्लगची तिसरी जाड पिन अर्थिंगची असते. टू-पिन कन्व्हर्टर लावून ती चुकवू नका, घरघर कमी झाली तरीसुद्धा. धातूच्या तारा पोराच्या बोटांखाली आहेत.

ॲम्प जमिनीवर नाही ठेवायचा. वरचे सूर स्पीकरच्या समोरच सरळ जातात. जमिनीवर ठेवला तर ते गुडघ्यांना ऐकू येतात. आम्ही स्टुलावर ठेवला आणि व्हॉल्यूम आणखी खाली आला.

हेडफोन वायरचाच. घालण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर, मग हळूहळू वर. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे; मोठ्यांसाठी ८०. भाचीसाठी आम्ही नॉबवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, त्याच्या पुढे नाही.

ऑगस्ट

ॲम्पमुळे काय बदललं? नुसत्या गिटारवर झाकल्या जाणाऱ्या गोष्टी तिला ऐकू यायला लागल्या. एकदा म्हणाली, ‘मामा, मी हात काढला तरी बाजूची तार बोलतेय.’ म्युटिंग (नको त्या तारा हाताने गप्प करणं) शिकवायला मला दुसरं काही सांगावंच लागलं नाही. आता उजव्या तळहाताची कड पुलावर टेकवून ती जाड तारा दाबून वाजवते. ए कॉर्डवरून डी वर जाताना अजून अडखळते, पण मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक) ऑक्समधून त्याच स्पीकरवर येतो, त्यामुळे अडखळलेलं तिचं तिलाच कळतं.

ओव्हरड्राइव्हचं बटण तिने शोधलंच आहे. रियाजाची शेवटची दहा मिनिटं त्याची, असं ठरलंय. आजोबांनी भिंतीपलीकडून अजून तक्रार केलेली नाही.

पुढे: केबलचा जॅक हलवला की खरखर येते, ती तपासायची आहे. आणि गणपतीनंतर तारा बदलायच्या, ०.००९ चाच संच (सर्वांत पातळ तार ०.००९ इंच). जाड संच तिच्या बोटांना इतक्यात नको.